गोळीच्या घड्याळावर चालताना

ह्यांना पार्किन्सन (कंपवात) आहे. पाय हमखास अडतो तो न्हाणीघराच्या दाराशी. जमिनीला चिकटल्यासारखा. तेव्हा हात धरून ओढू नका, तोल जातो. मी तिथे रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावलेत, एकेका पावलाच्या अंतरावर. "पट्टा ओलांडा" म्हटलं की पाय उचलतो. ह्या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी पडलं की आपोआप होणारी चाल बिघडते. डोळ्यांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो.

डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ, पनीर, अंडं यांतलं प्रथिन तिच्या शोषणाच्या आड येतं. एकदा वरणभातावरच दिली, तर तलावपाळीची फेरी बाकावर बसूनच झाली! मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट चालतं.

वही ठेवा: गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, पुन्हा कधी जखडलं. मान-खांदे आपोआप डुलायला लागले तर तीही वेळ टिपा. (शेजारणीला वाटलं, हे गाणं ऐकतायत.) तो कंप नव्हे, बहुधा औषधाचा जोर. वही बघून डॉक्टर मात्रा बदलतात. आपल्या मनाने गोळी कमी करायची नाही, अचानक बंद तर मुळीच नाही.