लादी, दोरी, जिना: घरकामाचा व्यायाम करायचा तर आधीची तयारी

सगळंच घरकाम व्यायामात धरायचं नाही, हे आधी ठरवून टाका. भांडी घासणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या यात हात चालतो पण दम वाढत नाही, म्हणून ती कामं हिशेबाबाहेर. केर काढणं, लादी पुसणं, बाथरूमच्या टाइल्स घासणं, सामान घेऊन जिना चढणं ही हिशेबात. खूण सोपी आहे: काम करताना मुलाशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलं तर श्वास तुटावा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम कष्ट सांगते, आणि २०२० च्या मार्गदर्शनात ते सलग १० मिनिटं तरी हवेत ही जुनी अटही उरलेली नाही. रोज २५ मिनिटं, सहा दिवस, की भागलं.

मग कामं कोणाकडे, ते ठरवा. घरात जी व्यक्ती आधीच सगळं उरकते तिला व्यायामाच्या नावाखाली आणखी काम नको, लादी दुसऱ्याने घ्यावी. कामाला मावशी येत असतील तर त्यांच्या सुट्टीचा दिवस धरा. त्यांचा पगार कापायला हे निमित्त नव्हे.

खरी तयारी आदल्या रात्रीची. खेळणी टोपलीत, खुर्च्या उलट्या करून टेबलावर, चार्जरच्या वायरी वर. हे राहिलं तर सकाळची निम्मी मिनिटं वस्तू उचलण्यात जातात आणि चढलेला दम पुन्हा खाली येतो. जुन्या टॉवेलचे दोन फडके काढून ठेवा. बादली अर्धीच भरा: पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, आणि काठोकाठ भरलेली १६ लिटरची बादली एका हाताने उचलली की कंबर एका अंगाला ओढली जाते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर लादीचं पाणीही रात्रीच भरून ठेवा, नाहीतर पुसता पुसता पिंप भरायला धावावं लागतं.

लादी उकिडवं बसून पुसणं हा यातला सर्वांत चांगला व्यायाम, आणि सर्वांत जास्त चुकतो तोही हाच. टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. चवड्यांवर बसलं की भार गुडघ्यांवर येतो. फडका मनगटाने फिरवू नका, खांद्यापासून लांब ओढा. दाराकडे मागे सरकत या, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. दहा लाद्या उजव्या हाताने, दहा डाव्या. डावा हात पहिले काही दिवस घाण जागच्या जागी फिरवतो, फिरवू दे. उकिडवं बसता येत नसेल तर दांड्याचा मॉप घ्या, पण दांडा हनुवटीपर्यंत पोचणारा हवा. आखूड दांडा म्हणजे दुपारपर्यंत कंबर धरलीच. एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवायचा, पाठ सरळ ठेवायची, पंधरा फेऱ्यांनी पाय बदलायचा.

पावसाळ्यात मुंबईत लादी वाळत नाही. फडका घट्ट पिळा, पंखा लावा, रबरी तळाच्या चपला घाला, आणि लादी वाळेपर्यंत मुलाला पलंगावर बसवा. मे महिन्यात दमट हवेमुळे घाम सुकत नाही, अंग तापत राहतं. तेव्हा हे काम सकाळी आठच्या आत, आणि पाण्याचा ग्लास हाताशी.

कपडे वाळत घालताना बादली पायांसमोर ठेवा, बाजूला नाही. एका वेळी एकच कपडा: कंबरेतून न वाकता गुडघे वाकवून खाली बसा, कपडा घ्या, उभे राहा, टाचा उचलून दोरीवर टाका. पंचवीस कपडे म्हणजे पंचवीस बैठका. चिमटे मुलाच्या हातात द्या, मोजणीही तेच करतं. ओली चादर एकट्याने झटकू नका. ती जड असते आणि झटक्यासरशी पाठीला पीळ बसतो. दोघांनी दोन टोकं धरा.

बाजारातून येताना वजन दोन्ही हातांत सारखं वाटा. सुरुवातीला हाताला तीन-तीन किलो, पिशव्या कापडी. प्लॅस्टिकचे बंद तिसऱ्या मजल्यापर्यंत बोटं कापतात. चढायला जिना आणि उतरायला लिफ्ट, कारण उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो.

बाथरूम घासताना दार-खिडकी उघडी ठेवा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि दम लागलेला असताना तो छातीत जास्त ओढला जातो.

हर्निया, गरोदरपण, नुकतंच सिझेरियन, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर बैठका आणि वजन डॉक्टरांना विचारूनच. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर फडका तिथेच टाका, बसा आणि घरच्यांना हाक मारा.

शेवटचं सामान म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि दोरीला बांधलेलं पेन. दुधाच्या हिशेबाशेजारी त्या दिवशीची मिनिटं लिहा. पहिल्या आठवड्यात ९० भरली तरी चालतील.