स्की बुटाचे अस्तर पायाला बसवताना

गुलमर्गला दुसऱ्याच दिवशी स्की करताना घोट्याच्या आतल्या हाडावरची कातडी सोलवटली, तेव्हा बूट लहान असल्याचे मला वाटले. मात्र ठाण्यात परतल्यावर अस्तर, म्हणजे बुटाचा आतला मऊ, सुटा भाग, काढून नुसत्या कडक बाहेरच्या कवचात पाय घातला आणि बोटे पुढे टेकवली, तर टाचेमागे दीड सेंटिमीटर जागा उरली, म्हणजे माप योग्यच होते. मग हाडावर लिपस्टिकचा ठिपका लावून अस्तर घातले, आत उमटलेल्या डागातून टाचणी टोचून खूण बाहेर आणली आणि नौपाड्यातील चप्पल-दुरुस्तीच्या दुकानातून आणलेल्या फोमची, मध्ये भोक असलेली चकती अस्तराच्या बाहेरून अशी चिकटवली की हाड भोकात विसावेल. थेट हाडावर गादी लावल्यास दाब उलट वाढतो. अस्तर उष्णतेने आकार घेणारे असले, तरी घरच्या ओव्हनमध्ये ते मुळीच तापवू नये. ते काम जाणकाराकडेच द्यावे.