नसबंदीनंतरचे दोन आठवडे : कुत्रीची घरी घ्यायची काळजी

कुत्रीची नसबंदी म्हणजे पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया. पहिल्या एक-दोन दिवसांत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, कारण ती मलूल होऊन पडून असते आणि घरातले सगळेच तिला जपत असतात. कसोटी लागते ती तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. तोवर दुखणे ओसरलेले असते, भूक परतलेली असते, बेल वाजली की ती दाराकडे धाव घेऊ लागते आणि घरच्यांची पकड नेमकी तेव्हाच सैल होते. वरची कातडी दहा ते चौदा दिवसांत जुळत असली, तरी तिच्याखाली शिवलेल्या पोटाच्या भिंतीला दोन आठवड्यांनंतरही मूळच्या ताकदीचा थोडासाच भाग परत मिळालेला असतो. म्हणून काळजीचे वेळापत्रक कुत्रीच्या उत्साहावरून ठरवू नये, दिवस मोजून ठरवावे.

पहिल्या रात्री तिला पलंगावर किंवा सोफ्यावर झोपवू नये. भुलीच्या अंमलाखाली तोल जाऊन ती पडू शकते. जमिनीवर जाड चादर किंवा गोधडी अंथरावी आणि पंख्याचा किंवा एसीचा थेट झोत टाळावा, कारण भुलीनंतर शरीराचे तापमान लवकर उतरते. ती थरथरेल, विनाकारण कुईकुई करेल, कदाचित झोपेतच शू होईल. यासाठी रागावू नये. पाणी थोडे थोडे द्यावे. पूर्ण शुद्धीवर आल्यावर नेहमीच्या निम्म्याहून कमी जेवण, म्हणजे मऊ भात आणि मीठ-मसाल्याविना उकडलेले चिकन, पुरेसे होते. घरातला रस्सा भातावर घालण्याचा मोह टाळावा. कांदा आणि लसूण कुत्र्यांना एरवीही घातक असतात. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस हलका खोकला येतो आणि शी दोन-तीन दिवस न होणेही नेहमीचेच आहे.

आता कोनाविषयी, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालायच्या शंकूच्या आकाराच्या पट्ट्याविषयी. गळ्यात कोन घातलेली कुत्री दारांना धडकते, केविलवाणे बघते आणि आपले मन विरघळते. तरीही तो रात्री मुळीच काढू नये, कारण चाटणे बहुधा घर झोपल्यावर सुरू होते आणि टाके उसवायला काही मिनिटे पुरतात. कोन नाकाच्या टोकापुढे थोडा आलेला असावा. आखूड कोनातून जीभ जखमेपर्यंत सहज पोहोचते. गळ्यापाशी दोन बोटे जातील इतकी सैल जागा ठेवावी. जेवताना कोन भांड्याला अडत असेल, तर भांडे पाटावर ठेवून पाहावे किंवा समोर बसून तेवढ्यापुरता कोन काढावा. जुना टी-शर्ट किंवा शस्त्रक्रियेनंतर घालायचा सूट काही कुत्र्यांना चालतो, पण कापडावरून चाटून तो ओला झाला तर जखमही ओली राहते. म्हणून मला कोनच अधिक भरवशाचा वाटतो.

जखम दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात पाहावी. ती सहसा पोटाच्या मधोमध असते. काही ठिकाणी, विशेषतः भटक्या कुत्र्यांच्या शिबिरांत, कुशीतून छेद घेतला जातो. पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तर पुढची तुलना अंदाजावर राहत नाही. कडा जुळलेल्या, किंचित लालसर, थोड्या सुजलेल्या दिसल्या तर घाबरू नये. लाली पसरत जाणे, पू किंवा दुर्गंध येणे, कडा उघडणे किंवा टाक्यांखाली अचानक मऊ फुगवटा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, खोबरेल तेल, डेटॉल यांपैकी काहीही आपल्या मनाने लावू नये. हळद लावली की लाली झाकली जाते आणि कुत्रीला चाटायला आणखी एक निमित्त मिळते. पावसाळ्यात माश्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. टाके निघेपर्यंत आंघोळ घालू नये.

वेदनाशामक औषध डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेले असते. ते जेवणाबरोबर द्यावे आणि एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. घरातल्या डब्यातील पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्रीला कधीही देऊ नये. या गोळ्यांनी कुत्र्यांचे यकृत, पोट किंवा मूत्रपिंड निकामी होऊ शकते. औषध सुरू असताना सतत उलट्या झाल्या किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करावा.

हालचालीच्या बाबतीत नियम एकच आहे : दोन आठवडे उड्या, धावणे, जिने आणि दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. शी-शूसाठी आखूड पट्ट्यावर पाच-दहा मिनिटे बाहेर न्यावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत लहान कुत्रीला एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांखाली घालून, पोटावर दाब न आणता उचलावे. मोठ्या कुत्रीला एकेक पायरी सावकाश चढवावे. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकाव्यात, नाहीतर पाय फाकून घसरताना सगळा ताण टाक्यांवर येतो. बसून कंटाळलेल्या कुत्रीला सतरंजीच्या घडीत लपवलेले खाऊचे तुकडे हुंगून शोधायला लावावेत. धावपळ न होता ती दमते.

काही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबावी. बोट काढल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परतायला हवा. हिरड्या पांढुरक्या असणे, पोट फुगत जाणे, जखमेतून रक्त ठिबकत राहणे किंवा उभेही राहता न येणे ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घटतात, त्यामुळे अशी पार्श्वभूमी असलेल्या कुत्रीवर अधिकच नजर ठेवावी. कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, ते 103.5 च्या पुढे गेले किंवा एका दिवसाहून अधिक काळ तिने अन्नाला तोंड लावले नाही, तर दवाखाना गाठावा.

टाके साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. विरघळणारे असले तरी एकदा दाखवून घ्यावे. फिरणे त्यानंतर हळूहळू वाढवावे. शस्त्रक्रिया माजाच्या सुमारास झाली असेल, तर नर काही दिवस तिच्या मागे येत राहतात. त्यांना दूर ठेवावे, कारण अशा वेळी समागम झाल्यास आतल्या टाक्यांना इजा होऊ शकते.

पुढच्या महिन्यांत बदलायचे ते जेवण. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, त्यामुळे पूर्ण वाढ झालेल्या कुत्रीचे खाणे डॉक्टरांशी बोलून सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करावे आणि दर महिन्याला वजन करावे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना सहज लागाव्यात.