राजकीय घराण्यातील लेखकाचा चरित्रलेख कसा लिहावा

राजकीय घराण्यात जन्मलेल्या लेखकाविषयी लिहायला बसले की घराणेच सगळी जागा अडवते. नयनतारा सहगल यांचे उदाहरण घ्या. ‘नेहरूंची भाची’ एवढे म्हटले की त्यांची ओळख पूर्ण झाली असे मानले जाते आणि कादंबऱ्यांच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी येतात. म्हणून लेखाचे पहिले वाक्य पुस्तकाविषयी असावे. नाते मागाहून सांगता येते.

लिहिण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत. डावीकडे लेखनाची सनावळी मांडावी: १९५४ मध्ये आठवणींचे पहिले पुस्तक, १९८५ मध्ये आणीबाणीच्या काळावरील ‘रिच लाइक अस’ ही कादंबरी, १९८६ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार. उजवीकडे घराण्याकडील सत्ता नोंदवावी: १९४७ ते १९६४ मामा पंतप्रधान, १९६२ ते १९६४ आई विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल, म्हणजे मुक्काम मलबार हिलच्या राजभवनात, १९६६ पासून मामेबहीण इंदिरा गांधी पंतप्रधान. हे रकाने जेथे एकमेकांना छेद देतात तेथे लेखाचा गाभा सापडतो. मामांच्या कारकिर्दीत आलेल्या पुस्तकात स्वातंत्र्यलढ्यातील घराच्या आठवणी आहेत, तर मामेबहिणीने लादलेल्या आणीबाणीला त्यांनी उघड विरोध केला. जनता सरकारने इटलीतील राजदूतपदावर केलेली त्यांची नेमणूक, इंदिरा गांधी १९८० मध्ये सत्तेवर परतल्यावर, रद्द झाली. घराण्यामुळे सारे आयते मिळाले, असे लिहिण्याचा मोह झालाच तर ही नोंद समोर ठेवावी. अर्थात, त्या घरात वाढल्यामुळे लेखनासाठी जे जवळून पाहता आले तेही नाकारू नये.

वडिलांना बहुतेक जण विसरतात. मराठी घराण्यातील बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित हे संस्कृतचे जाणकार होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि तुरुंगवासाने प्रकृती ढासळून १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. लेखणीचा वारसा शोधताना केवळ नेहरूंच्या घराकडे, आनंदभवनाकडे, पाहून भागणार नाही.

साधनांसाठी मुंबईकरांना फार फिरावे लागत नाही. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि त्याच नावाच्या रस्त्यावरील साहित्य अकादमीचे कार्यालय येथून सुरुवात करून पुढे फोर्टातील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जावे. पुस्तक हाती आले की प्रथमावृत्तीचे साल पाहावे. पुनर्मुद्रणाचे साल टिपले तर दोन्ही रकान्यांचा मेळ बिघडतो.

२०१९ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे प्रकरण मात्र डाव्या रकान्यात घ्यावे. उद्घाटनासाठी त्यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, तेव्हा जाहीर आक्षेप त्या इंग्रजीत लिहितात यावर होता. २०१५ मध्ये त्यांनी अकादमी पुरस्कार परत केल्याची नोंदही त्याच्याच वर यावी. न झालेले ते भाषण त्या वेळी मराठीत छापून आले आहे; मथळ्यांवरून वाक्ये उचलण्याऐवजी ते पूर्ण वाचावे आणि मगच त्यातील उतारा निवडावा.