दाबव्रणाचा स्वॅब कसा घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा

अर्धांगवायूने किंवा मणक्याच्या दुखापतीने महिनोन्महिने बाजेवर पडून असलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर जखम झाली, की ‘एकदा पू तपासून घ्या’ असे सगळेच सांगतात. तथापि अशा उघड्या दाबव्रणात, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून झालेल्या जखमेत, जिवाणू जवळजवळ नेहमीच असतात. ते सापडले म्हणजे संसर्ग झाला असे नव्हे. भोवतालची कातडी लाल व गरम होणे, दुर्गंधी किंवा पू वाढणे, ताप येणे ही लक्षणे दिसली, तरच नमुना पाठवावा. कमरेखालची संवेदना गेलेल्या रुग्णाला ठणका कळत नाही, म्हणून पट्टी बदलणाऱ्याने जखम रोज नीट पाहणे आवश्यक असते.

नमुना शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा. पट्टी उघडताच वर साचलेला पू टिपून घेण्याचा मोह होतो आणि बहुतेक चुका येथेच होतात, कारण त्यात पृष्ठभागावरचे निरुपद्रवी जिवाणूही येतात. हळद वा मलम लावलेले असल्यास तेही जाईल अशा रीतीने जखम निर्जंतुक सलाइनने धुवावी, आयोडीन वापरू नये. मग मेलेला काळा-पिवळा भाग टाळून, लालसर तळावर सुमारे 1 चौरस सेंटिमीटर जागेत, आतला द्राव वर येईल इतका दाब देऊन स्वॅब, म्हणजे टोकाला कापूस असलेली निर्जंतुक काडी, 5 सेकंद फिरवावा. तालुक्याच्या गावाहून नमुना छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचा असेल आणि 2 तासांत पोहोचणार नसेल, तर वाहक माध्यमाची, म्हणजे वाटेत जिवाणू टिकवून ठेवणारी, नळी आधीच मागून घ्यावी. मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कोरड्या स्वॅबचा भरवसा नसतो.

अहवालात स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास, प्रोटियस, ई. कोलाय अशी जिवाणूंची नावे बहुधा दिसतात. गॉजवर निळसर-हिरवा डाग आणि गोडसर वास आला, तर स्यूडोमोनासचा संशय अहवालाआधीच घेता येतो. प्रत्येक औषधासमोर एस म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. आय असल्यास मात्रेचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवलेल्या तबकडीवरील औषधाच्या चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून हे ठरते. मात्र प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असल्यामुळे, ज्याचे वर्तुळ मोठे ते औषध अधिक चांगले, हा हिशेब चुकीचा आहे. यादीत कोलिस्टिनसारखे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध दिसले म्हणून त्यापासून सुरुवात करू नये. साधे औषध लागू पडत असेल, तर तेच द्यावे.

मेलेल्या मांसात रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. ते मांस शल्यचिकित्सकाकडून काढून घ्यावे लागते. जखमेच्या तळाशी हाड लागत असेल, तर वरच्या स्वॅबवर विसंबू नये. तेथे हाडाचा तुकडाच तपासणीला पाठवावा लागतो.