दोन्ही आघाड्या नकोत? मग विधानसभेला अपक्ष अर्ज असा भरा

महायुतीही नको आणि महाविकास आघाडीही नको, असं म्हणणारे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये चौकाचौकात भेटतात. त्यांच्यापुढे कायद्याने दोन वाटा आहेत : नोटा किंवा स्वतःचा अर्ज. विधानसभेत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. महापालिका-नगरपालिकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे अशा वेळी एकदा फेरनिवडणूक होते.

राहिला अर्ज. अपक्ष पडतोच, हे खानदेशात खरं नाही. अमळनेरने २००९ मध्ये साहेबराव पाटील आणि २०१४ मध्ये शिरीष चौधरी असे लागोपाठ दोन अपक्ष मुंबईला पाठवले. २०१९ मध्ये मुक्ताईनगरातून चंद्रकांत पाटील आणि साक्रीतून मंजुळा गावित अपक्ष निवडून आले. मुक्ताईनगरला शिवसेनेतली बंडखोरी होती, म्हणजे माणसं आधीपासून हाताशी होती, हे विसरू नका.

आधी पक्षाचं निस्तरा. अमेरिकेत अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष नोंदवता येतो. आपल्या मतदार यादीत तो रकाना नाही, तुमचं सदस्यत्व फक्त पक्षाच्या दप्तरात असतं. त्यामुळे पक्ष सोडायला सरकारी फॉर्म लागत नाही. जिल्हाध्यक्षाच्या नावाने दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. झेडपीत किंवा पालिकेत पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेले असाल, तर राजीनाम्याने ते पदही जाऊ शकतं. वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

आता सगळ्यांत घातक जागा : सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. तिकिटाची वाट बघणारे इच्छुक इथेच मार खातात. एबी फॉर्म (पक्षाने दिलेलं अधिकृत उमेदवारीचं पत्र) येईल या भरवशावर एका सूचकाचा अर्ज भरतात, शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत फॉर्म येत नाही आणि छाननीत अर्ज बाद होतो. अपक्ष म्हणूनही उभं राहता येत नाही, कारण सूचक नऊ कमी. तिकिटाची थोडी जरी आशा असली तरी एक अर्ज दहा सूचकांचा भराच. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच लागते.

सूचकांचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून लिहा. यादी सुधारली की क्रमांक बदलतात, जुन्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवरून लिहिलेला आकडा हमखास चुकतो. दुसऱ्या अर्जावर वेगळे दहा सूचक घ्या, म्हणजे एकाची सही वादात सापडली तरी तुम्ही वाचता. अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवर अंगठा लावणारे सूचक असतील तर त्यांना सोबत आणा. अंगठा घरी लावून चालत नाही, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोर लागतो.

अर्ज नमुना २-ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात, उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः द्यायचा. पुतण्याच्या हाती पाठवला आणि तो सूचक नसेल तर घेत नाहीत. वय २५ पूर्ण हवं. नाव राज्यातल्या दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत जोडा. चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत, भुसावळ अनुसूचित जातीसाठी. तिथे जात प्रमाणपत्र लागेल. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. रोख किंवा सरकारी कोषागारात पैसे भरल्याचं चलन चालतं, चेक नाही. हरलात तर वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तरच ती परत मिळते. २ लाख वैध मतं असतील तर ३३,३३४ हवीत. नोटाची मतं त्यात धरत नाहीत.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र दोन दिवस आधी बसून भरा. एकही रकाना कोरा ठेवू नका. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सोसायटीचं पीककर्ज, सोनेतारण, बायकोच्या नावावरची जमीन, जिल्हा बँकेतले शेअर हे हटकून राहतात. गुन्हा दाखल असेल तर लपवू नका. तो तीन वेळा जाहीरही करावा लागतो. आणि शासनाच्या बांधकाम खात्याचं काम तुमच्या नावावर चालू असेल तर तो करार अपात्र ठरवू शकतो. छोटे ठेकेदार हे शेवटी सांगतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. गर्दीत, हारतुऱ्यांत ती राहून जाते.

चिन्हांचे तीन पसंतीक्रम द्यावे लागतात. यंत्रावरच्या लहानशा चित्रात ओळखू येईल आणि आजीबाई एका शब्दात सांगू शकेल असंच चिन्ह मागा. ते हाती पडतं माघारीनंतर. २०२४ मध्ये माघार ४ नोव्हेंबरला आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे चिन्ह घराघरात पोचवायला दोन आठवडेच. म्हणून पत्रकाचा मजकूर आधी तयार ठेवा, फक्त चिन्हाची जागा मोकळी सोडा.

माघारीच्या दिवशी फोन वाजतील. त्या दिवशी कुणालाही सही केलेला कोरा कागद किंवा माघारीचं अधिकारपत्र देऊ नका. माघार एकदा दिली की परत घेता येत नाही.

खर्चाची मर्यादा ४० लाख. एका माणसाला किंवा संस्थेला १०,००० पेक्षा जास्त रोख देता येत नाही. कार्यकर्त्यांच्या भरीत-पुरीच्या पंगतीचा खर्च ठरलेल्या दराने तुमच्या नावावर चढतो. त्याच पंगतीत मतदार बसवले तर तो लाचेचा प्रकार. (हिवाळ्यात आणि खानदेशात हा मोह आवरणं अवघडच!)

निवडून आलात तर एखाद्या पक्षात जाऊ नका. दहाव्या अनुसूचीप्रमाणे अपक्ष आमदाराने पक्षात प्रवेश केला की तो अपात्र होतो. बाहेरून पाठिंबा देता येतो. आणि पडलात तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. न दिल्यास तीन वर्षं उभं राहायला बंदी येऊ शकते, मग पुढच्या पोटनिवडणुकीचा विचारही नको.