एम्बेडेड ओएसचं रिलीज तपासताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जाऊन एखादं तयार कास्टिंग हातात घ्या. त्यावर हीट नंबर उठवलेला असतो. भट्टीच्या कुठल्या हीटमधून, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या कुठल्या खेपेतून, ते ओतलं, हे त्यावरून कळतं. उद्या गिऱ्हाइकाकडं तडा गेला, तर त्या हीटचा केमिस्ट्री रिपोर्ट काढायचा आणि त्याच हीटचे बाकीचे नग बाजूला करायचे. नंबर नसला तर अख्खा लॉट संशयात.

उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शेतीपंपांचे कंट्रोलर बनतात. त्यांच्या आत छोट्या चिपवर चालणारी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम (एम्बेडेड ओएस) असते. नव्या आवृत्तीचं रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे रिलीजआधी तपासायला दिलेली प्रत (आरसी), आलं की आम्ही ते टेबलावरच्या सर्किट बोर्डांवर चढवून तपासतो आणि निकाल प्रकल्पाला कळवतो. इंजिनिअरिंगची मुलंही यात हात घालायला येतात. झेफिर असो किंवा रायट, अशा ओएस बनवणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत शेकडो बोर्ड असतात आणि ते सगळे कुणा एकाच्या टेबलावर नसतात. रायटचं रिलीज तर दर तीन महिन्यांनी येतं आणि त्याचं नावच वर्ष-महिना असतं, जसं २०२४.०१. एवढ्या वेगात बाहेरच्यांनी केलेली तपासणी खरोखर लागते, पण ती नीट केलेली असली तरच. आम्ही केलेल्या आणि मुलांना करताना पाहिलेल्या चुका इथं लिहितोय.

‘चालतंय की!’ एवढाच निकाल देणं

माझ्या पहिल्या निकालात मी एवढंच लिहिलं होतं: बोर्ड बूट होतो, सेन्सर वाचतो, सगळं ठीक. उलट प्रश्न आला, कुठला कमिट (कोडच्या इतिहासातली नेमकी कुठली नोंद)? कुठला कंपायलर (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम)? मला सांगता येईना, कारण मधल्या दोन दिवसांत मी कोड दोनदा खाली ओढला होता. दीड दिवसाची मेहनत वाया गेली. हीट नंबर नसलेलं कास्टिंग मी तपासायला दिलं होतं.

‘चालतंय’ हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्यात एवढं तरी हवं: कमिटचा पूर्ण आयडी, कंपायलरची आवृत्ती, बोर्डाचं नाव आणि रिव्हिजन, वीज कुठून दिली, किती वेळ चालवलं. यातलं कंपायलर बहुतेक जण गाळतात. एकदा आमचा एकही ओळ न बदललेला कोड जीसीसी या कंपायलरच्या नव्या आवृत्तीनं बांधला आणि एका थ्रेडचा (ओएसमध्ये चालणाऱ्या एका कामाचा) स्टॅक, म्हणजे त्याला ठरवून दिलेली मेमरी, ओसंडला. नव्या कंपायलरनं दोन-तीन फंक्शनं एकमेकांत मिसळून टाकली होती, त्यामुळं स्टॅक जास्त लागला. जुन्या कंपायलरवर आमच्याकडं जेमतेम काही बाइट शिल्लक होते, आणि ते आम्ही कधी मोजलेच नव्हते. झेफिर आणि रायट दोन्हींत थ्रेडनं स्टॅक किती वापरला ते बघायची सोय आहे. तो आकडा निकालासोबत लिहायची सवय लावा.

आणखी एक करा: फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बूट होताना स्वतःचा नंबर स्वतः छापू दे. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटच्या ‘डिस्क्राइब --dirty’ कमांडचा निकाल बिल्डच्या वेळी आत टाकला की काम होतं. त्यात ‘डर्टी’ हा शब्द दिसला तर तुमच्या फोल्डरमध्ये कमिट न केलेला बदल पडलाय, ती तपासणी धरू नका. सर्व्हरवर आपोआप बिल्ड होत असेल तर तिथला क्लोन (कोडची उतरवलेली प्रत) बहुधा उथळ, म्हणजे पूर्ण इतिहास नसलेला असतो, त्यात टॅग (आवृत्तीच्या नावाच्या खुणा) येत नाहीत आणि नंबराच्या जागी ‘अननोन’सारखं काहीतरी छापलं जातं. टॅग वेगळे ओढून घ्यायला सांगा.

जुन्या फोल्डरमध्येच बिल्ड करणं

नवा फोल्डर, नवा क्लोन, पहिल्यापासून बिल्ड. याला पर्याय नाही. आणि रिलीजची झिप फाइल लोकांना द्यायची असेल, तर तीच झिप उलगडून तिच्यातून बिल्ड करून बघा. गिटहब आपोआप जी सोर्सची झिप बनवतं तिच्यात सबमॉड्यूल, म्हणजे जोडलेले दुसरे कोडसाठे, येत नाहीत. तुमच्याकडं सगळं बांधलं जातं आणि डाउनलोड करणाऱ्याकडं पहिल्याच मिनिटाला फाइल सापडत नाही.

पीसीवर पास झालं म्हणून बोर्ड सोडून देणं

झेफिरमध्ये ‘नेटिव्ह सिम’ आहे, रायटमध्ये ‘नेटिव्ह’ बोर्ड आहे. ओएस पीसीवरच साध्या प्रोग्रॅमसारखी चालते. क्यूईएमयूत चिपची नक्कल चालते. हे सगळं मला मनापासून आवडतं, कारण शेकडो टेस्ट थोड्या वेळात होतात. लॉजिकच्या चुका इथंच पकडा, बोर्डाची वाट बघू नका.

पण पीसी दिलदार असतो. चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून चार बाइटचा आकडा उचलला तरी पीसी तो निमूट देतो. कॉर्टेक्स-एम० चिपवर तेच केलं की थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथंच कोसळतो. कॉर्टेक्स-एम४ यातलं बरंचसं चालवून घेतो, म्हणून एम४ बोर्डावर पास झालेला कोडही एम०वर मरू शकतो. नेटवर्कच्या पॅकेटमधून आकडे उचलणाऱ्या कोडमध्ये ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. तुमच्याकडं दोनच बोर्ड घ्यायचे पैसे असतील, तर एक एम०वाला, सगळ्यात कमी रॅमचा घ्या. भारी बोर्डावर चुका झाकल्या जातात.

टेबलावरची वीज आणि शेतातली वीज एकच समजणं

या एका चुकीवर मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवलाय.

टेबलावर बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर असतो, स्वच्छ पाच व्होल्ट. शेतात रात्री थ्री फेज आली की एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या मोटारी एकदम उठतात. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच ते सात पट करंट खेचते. व्होल्टेज क्षणभर बसतं, पुन्हा उठतं, पुन्हा बसतं. चिप पूर्ण बंदही होत नाही आणि धड चालूही राहत नाही. ब्राउनआउट रिसेट (व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारी सोय) नीट लावलेला नसेल तर त्या अधांतरी अवस्थेत ती फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, काहीबाही लिहू शकते.

म्हणून आम्ही एक रिले लावला. दुसरा बोर्ड तो रिले मनाला येईल तेव्हा, कधी ४० मिलिसेकंद, कधी ३ सेकंद, तोडतो आणि जोडतो. रात्रभर हा खेळ चालू ठेवायचा आणि सकाळी सेटिंग शाबूत आहेत का ते बघायचं. खर्च अगदी किरकोळ.

हाच रिले फर्मवेअर अपडेटच्या मध्यावर चालवा. एमसीयूबूट हा बूटलोडर (चालू होताना कुठलं फर्मवेअर उठवायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्यात छान सोय आहे: नवी इमेज (फर्मवेअरची फाइल) आधी ‘टेस्ट’ म्हणून चालते, तिनं स्वतःला ‘कन्फर्म’ केलं नाही तर पुढच्या रिसेटला जुनी इमेज परत येते. पण इथं तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, मेन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत कन्फर्म करणं. मग परत फिरायची वाटच बंद. रेडिओ लागला, सेन्सर बोलला, सर्व्हरशी एकदा बोलणं झालं, यानंतरच कन्फर्म करा. दुसरं, वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की रिसेट करणारा टायमर, विसरणं. नवी इमेज नुसती अडकून बसली तर रिसेट होणार नाही, आणि रिसेट नाही तर जुनी इमेजही येणार नाही. तिसरं, एमसीयूबूट फक्त ‘ओव्हरराइट’ पद्धतीनं लावणं. त्यात जुनी इमेज उरतच नाही, त्यामुळं परतीची सोयच नसते.

डिबगर (चिपच्या आत काय चाललंय ते बघायचं साधन) जोडून केलेली तपासणीही अर्धीच धरा. डिबगर लागलेला असताना कित्येक चिप पूर्ण झोपत नाहीत, त्यामुळं झोपेतून न उठण्याचा दोष दिसत नाही. सेमीहोस्टिंगनं, म्हणजे डिबगरमार्फत पीसीवर, छापणारा बिल्ड चुकून बाहेर गेला तर डिबगर काढल्यावर तो पहिल्याच छपाईला कोसळतो. शेवटची फेरी नेहमी सगळ्या वायरी काढून.

आणि प्रत्येक वेळी चिप कोरी करून तपासू नका. शेतातला डबा, म्हणजे आमचा कंट्रोलर, कोरा नसतो, त्यात मागच्या आवृत्तीनं लिहिलेली सेटिंग असतात. मागचं रिलीज चढवा, सेटिंग भरा, आठवडाभर वापरा, मग त्याच्यावर आरसी चढवा.

दोन तास चालवून ‘टिकतंय’ म्हणणं

एक मिलिसेकंदाला एक टिक मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९ दिवस १७ तासांनी भरतो आणि शून्यावर येतो. आम्ही एका वस्तीवर एकाच दिवशी बारा डबे बसवले होते. पन्नासाव्या दिवशी त्या वस्तीवरून सकाळपासून फोन सुरू झाले. सगळ्यांची तक्रार एकच, पंप बंद होईना. चूक आमच्याच कोडमध्ये होती: ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ अशी थेट तुलना केली होती. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून फरक बघितला असता तर काउंटर उलटला तरी गणित बरोबर राहिलं असतं.

अशा चुकीला मोठी घरंही सुटलेली नाहीत. बोइंग ७८७ विमानाचा वीजपुरवठा सांभाळणारे कंट्रोलर सलग २४८ दिवस चालू राहिले तर बंद पडू शकतात, म्हणून २०१५ साली अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं ते ठराविक काळानं बंद-चालू करायचा आदेश काढला होता. सेकंदाचे शंभर भाग मोजणारा ३२ बिटांचा चिन्हासहित काउंटर २४८ दिवसांनीच भरतो.

पन्नास दिवस थांबायची गरज नाही. लिनक्स कर्नल जे करतं ते करा: त्याचा टिक काउंटर शून्यापासून सुरूच होत नाही, तो उलटायला पाच मिनिटं असतील अशा आकड्यापासून सुरू होतो. म्हणजे प्रत्येक बूटनंतर पाच मिनिटांत ही परीक्षा आपोआप होते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आमच्या टेस्ट बिल्डमध्ये आता तेच आहे.

लाल झालेली टेस्ट हिरवी होईपर्यंत पुन्हा चालवणं

‘कधीकधी फेल होते, पुन्हा चालव, होईल.’ हे ऐकलं की मी काम थांबवतो. वीस वेळांत एकदा फसणारी टेस्ट सलग दहा वेळा चालवली तरी दहाही वेळा पास होण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के असते. म्हणजे दहा हिरव्या ओळींनी काहीच सिद्ध होत नाही. दोष दुरुस्त झाला हे म्हणायला साठेक फेऱ्या तरी हव्यात. कारण सापडलं नाही तर ते निकालात तसंच लिहा: शंभरात पाच वेळा फसते, या बोर्डावर, या कमिटवर. रिलीज नोटमध्ये ‘माहीत असलेले दोष’ म्हणून ते गेलं तरी वापरणाऱ्याचे चार दिवस वाचतात.

‘एवढं एकच घालू’

फ्रीझ झाल्यावर, म्हणजे रिलीजसाठी कोड गोठवल्यावर, नवी सोय आत घ्यायची नाही. दुरुस्तीसुद्धा आधी मुख्य शाखेत आणि मग तिथून उचलून रिलीजच्या शाखेत. उलटं केलं की पुढच्या रिलीजमध्ये तोच दोष परत येतो. दुरुस्ती आली की नवं आरसी, आणि तिनं ज्या भागाला हात लावला त्या भागाच्या टेस्ट पुन्हा.

टॅग एकदा बाहेर गेला की तो हलवू नका, चूक ध्यानात आली तरी. ज्यांनी तो आधीच ओढलाय त्यांच्याकडं गिट जुनाच टॅग ठेवतं, मग एकाच नावाची दोन वेगवेगळी रिलीज गावभर फिरतात. पुढचा नंबर द्या. नटएक्स ही अशीच ओएस अपाचे फाउंडेशनकडं असल्यानं तिथं रिलीजसाठी किमान तीन अधिकृत होकार लागतात आणि सोर्सचं सही केलेलं पॅकेज हेच खरं रिलीज मानतात. गट लहान असला तरी ही शिस्त उचलण्यासारखी आहे. टॅग मारणाऱ्याशिवाय दुसऱ्या एकानं तरी पॅकेज उतरवून, सही पडताळून, बोर्डावर चढवून बघायला हवं.

बंद पडलेला बोर्ड लगेच फ्लॅश करणं

बोर्ड अडकला की पहिला हात रिसेटच्या बटणाकडं जातो. तो आवरा. अडकलेल्या बोर्डाच्या रॅममध्ये काय झालं ते सगळं लिहिलेलं असतं, वीज गेली की ते गेलं. डिबगर रिसेट न करता जोडायची सोय असते, तसाच जोडा. कुठला थ्रेड कुठल्या ओळीवर थांबलाय, कोण कुणाच्या म्यूटेक्ससाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपासाठी) ताटकळतोय, स्टॅक किती उरलाय, हे उतरवून घ्या. मग रिसेटचं कारण सांगणारं रजिस्टर. एसटीएम३२ चिपवर त्यातले फ्लॅग (कारणांच्या खुणा) साफ करेपर्यंत साचत राहतात, म्हणून बूट झाल्या झाल्या ते वाचून, नोंदवून, साफ करायचं काम फर्मवेअरमध्येच ठेवा, नाहीतर मागच्या महिन्यातला ब्राउनआउट आजचा वाटेल. नंतर फ्लॅशची पूर्ण प्रत काढा. मग खुशाल फ्लॅश करा.

मागच्या पावसाळ्यात राधानगरीकडून फोन आला होता. ‘साहेब, डबा गप झालाय. बंद करून चालू करू काय?’

‘नको काका. हात लावू नका, लाईट काढू नका. मी निघालोच.’

लॅपटॉप, डिबगर आणि पिन जोडायच्या वायरी मी आता गाडीच्या डिकीतच ठेवतो.